पावसात कापड, उघडीप मिळाली की कागद: मुंबईच्या घरात करायच्या स्वस्त हस्तकला

प्रश्न थोडक्यात असा आहे. वन-रूम-किचनचं घर, नऊ वर्षांचा मुलगा, पाच वर्षांची मुलगी आणि आजी. शनिवार-रविवारी सगळ्यांनी मिळून करता येतील अशा वस्तू हव्यात, महिन्याला ३०० रुपयांच्या वर खर्च नको आणि केलेलं घरात वापरलं जावं. अडचण अशी, की जून-जुलैत व्हिडिओ बघून केलेल्या पुठ्ठ्याच्या वस्तू वाकल्या, चिकटवलेलं उघडलं आणि कागदाच्या वाडग्याला बुरशी आली.

या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे: ओल. फेव्हिकॉल असो की घरची खळ, त्यातलं पाणी उडून गेलं की मगच ती चिकट धरते. मुंबईत जुलैमध्ये हवेतली आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते, त्यामुळे हे पाणी उडायला जागाच मिळत नाही. व्हिडिओत "अर्ध्या तासात वाळेल" म्हणतात ते कोरड्या हवेचं माप आहे. इथे पावसाळ्यात त्याला चार-पाच तास धरा, जाड थर असेल तर पूर्ण रात्र. म्हणून मुंबईत हस्तकलेचं वेळापत्रक हवामानाप्रमाणे लावलेलं बरं. जून ते ऑगस्ट कापडाची कामं, सप्टेंबरात उघडीप मिळाली की कागद, आणि ऑक्टोबरच्या उन्हात आकाशकंदील.

आधी सामान. एक बरी कात्री, ३० सेंटीमीटरची स्टीलची पट्टी, फेव्हिकॉलची एक बाटली, एक इंची ब्रश, गोधडीच्या सुया आणि जाड दोरा. एवढं एकदा घेतलं की पुढच्या महिन्यांत मुख्यतः कागदच लागतो. बाकीचं घरात आहेच: जुने टी-शर्ट, सुती साड्या, रद्दी, खोक्यांचा पुठ्ठा. दोन-चार तावांसाठी क्रॉफर्ड मार्केटला जाण्यात अर्थ नाही, शाळेजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात कार्डशीट आणि पतंगी कागद मिळतो. सोसायटीतल्या वीस मुलांसाठी एकत्र घ्यायचं असेल, तर मात्र क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटला एक चक्कर मारा. रविवारी तिथली बहुतेक घाऊक दुकानं बंद असतात, हे लक्षात ठेवून निघा.

पावसाळ्यात: टी-शर्टचं पायपुसणं

पावसात दारात रोज एक कोरडं पायपुसणं लागतं, म्हणून हे पहिलं काम. साधारण ६० बाय ४० सेंटीमीटरच्या लंबगोल पायपुसण्याला मोठ्या मापाचे चार सुती टी-शर्ट पुरतात. हिशोब असा: या मापाला अडीच सेंटीमीटर रुंदीची सुमारे सव्वाआठ मीटर वेणी लागते. विणताना पट्टीची लांबी पंचवीस ते तीस टक्क्यांनी आटते, म्हणजे प्रत्येक पेडाला ११ ते १२ मीटर पट्टी हवी. एका टी-शर्टच्या काखेखालच्या भागातून साधारण १० मीटर निघते.

शिवण असलेली खालची कड कापून टाका. मग चार सेंटीमीटर रुंदीची पट्टी गोल-गोल फिरत, नागमोडी न होऊ देता, काखेपर्यंत सलग कापा. छापील चित्राचा भाग टाळा, तो रबरासारखा असतो आणि पाणी शोषत नाही. कापलेली पट्टी दोन्ही हातांत धरून ताणली, की कडा आत वळतात आणि गोल दोरी होते. पॉलिस्टरचा टी-शर्ट पाणी पीत नाही आणि ओल्या लादीवर घसरतो. तो बाजूला ठेवा.

तीन पेडांची साधी वेणी घाला. एकाच वेळी तिन्ही पेड संपू देऊ नका, नाहीतर जोडाच्या गाठी एका जागी येऊन फुगवटा होतो. आता शिवण. लंबगोलाची सुरुवात किती लांबीने करायची, हे शेवटच्या मापावरून ठरतं: लांबीतून रुंदी वजा करा. ६० वजा ४० म्हणजे २० सेंटीमीटर. वेणीचा पहिला २० सेंटीमीटरचा भाग सरळ ठेवा, तिथे वळवा आणि शेजारच्या वेणीच्या बाजूला शिवत चला. टाका वेणीच्या वरून घालू नका, दोन वेण्यांच्या मधल्या फटीतून, एकीच्या कडेचा फास आणि दुसरीच्या कडेचा फास पकडत घाला. मग धागा दिसत नाही आणि पायाला घासून तुटत नाही.

इथे दोनच गोष्टी बिघडतात. पायपुसणं परडीसारखं वर उचलू लागलं, तर वळणावर बाहेरची वेणी ताणली जाते आहे, तिथे वेणी जरा सैल सोडा. कडेला झालर पडल्यासारख्या लाटा आल्या, तर वेणी जास्त जाते आहे, जरा ओढून घ्या. म्हणून शिवकाम मांडीवर घेऊन करू नका, पाटावर किंवा लादीवर सपाट ठेवून करा. मांडीवर ते गोलसर दिसतं आणि चूक शेवटी कळते. पाच वर्षांच्या मुलीला पट्ट्या ताणून गुंडाळे करायला द्या, मुलाला वेणी. शिवण आजीकडे.

उरलेल्या सुती साडीतून गरम भांडी धरायची फडकी होतात. १८ सेंटीमीटरचे चौकोन, पाच थर, कडा आत दुमडून एक-एक सेंटीमीटरवर धावदोरा. आतला एकही थर सिंथेटिक नको. तव्याच्या कडेला लागला तर तो वितळून बोटाला चिकटतो. कापड कोणतं आहे याची खात्री नसेल, तर मोठ्या माणसाने बेसिनवर एक धागा चिमट्यात धरून जाळून बघावा. सुताची राख होते आणि वास जळक्या कागदाचा येतो, सिंथेटिकचा कडक मणी होतो.

उघडीप मिळाल्यावर: कागद आणि खळ

रद्दीच्या कामाला फेव्हिकॉल वापरणं म्हणजे पैसे वाया घालवणं. खळ करा. तीन मोठे चमचे मैदा अर्ध्या वाटी गार पाण्यात गुठळी न राहता कालवा. दुसरी अर्धी वाटी पाणी उकळून त्यात हे मिश्रण ढवळत ओता आणि मंद आचेवर चार-पाच मिनिटं शिजवा. पांढरा रंग जाऊन थोडी पारदर्शक झाली आणि पळीवरून सलग धार पडली की झाली. कच्ची खळ वाळल्यावर पिठासारखी पांढरी सुटते. "खळ चिकटतच नाही" ही तक्रार बहुतेक वेळा कच्च्या खळीची असते. शेवटी दोन चिमटी तुरटीची पूड घाला. पूर्वी बाइंडिंगवाले कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. तो विषारी आहे, मुलं हात घालणार त्या भांड्यात तो अजिबात नको. खळ फ्रिजमध्ये तीन दिवस राहते. आंबूस वास आला की टाकून द्यायची.

आता पुठ्ठा का वाकतो ते. पुठ्ठ्याच्या एका बाजूला ओला कागद चिकटवला की तो आधी फुगतो, मग वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. त्यावर उपाय एकच: दुसऱ्या बाजूलाही तेवढाच कागद, त्याच दिवशी, त्याच खळीने लावायचा. दोन्ही बाजूंची ओढ सारखी झाली की पुठ्ठा सरळ राहतो. मग दोन पाटांमध्ये कोऱ्या कागदासकट ठेवून वर तांदळाचा भरलेला डबा ठेवा. मधला कोरा कागद दर दोन-तीन तासांनी बदला, कारण ओल तो शोषत असतो. फोटोफ्रेम, पेनस्टँड, वहीचं कव्हर, खोक्याचे खण या सगळ्याला हा एक नियम पुरतो. त्यामुळे या वस्तूंची वेगळी कृती देत नाही.

दुसरी जाणून घ्यायची गोष्ट म्हणजे कागदाचा धागा. कागदातले तंतू यंत्रावर एका दिशेत बसतात. वर्तमानपत्र वरून खाली, कॉलमच्या दिशेने फाडून बघा, सरळ फाटतं. आडवं फाडलं की वेडंवाकडं जातं. घडी तंतूंच्या दिशेने कुरकुरीत पडते, आडवी घातली तर तडकते. पुठ्ठा दुमडायच्या आधी दोन्ही दिशांनी अलगद वाकवून बघा आणि जिकडे सोपा वाकतो तिकडे मुख्य घडी ठेवा.

रद्दीच्या पिशवीचे बंद का तुटतात, हेही इथेच कळतं. बंदासाठी पाडलेलं भोक कॉलमच्या दिशेने, म्हणजे सरळ वरच्या कडेपर्यंत, फाटत जातं. म्हणून वरच्या घडीत पुठ्ठ्याची पट्टी घालायलाच हवी. पूर्ण उघडलेलं पान ६६ बाय ५४ सेंटीमीटर धरलं तर मापं अशी: वरून चार सेंटीमीटरची घडी, तिच्या आत दोन्ही बाजूंना तीन सेंटीमीटर रुंद पुठ्ठ्याची पट्टी. दोन सेंटीमीटर एकावर एक घेऊन नळी चिकटवा. दर्शनी बाजू २२, जाडी १०. तळाची घडी जाडीच्या निम्मी अधिक दोन, म्हणजे सात सेंटीमीटरवर. ही घडी पाच-साडेपाच घेतली तर तळाच्या दोन पाळ्या एकमेकींवर पुरेशा येत नाहीत आणि मधोमध फट राहते. तळात आतून ९.५ बाय २१.५ चा पुठ्ठा टाका. एका पानाची पिशवी कपडे, वह्या, औषधं, भेटवस्तू यांसाठी ठीक. दोन पानं खळीने एकावर एक चिकटवून केली तर आणखी टिकते. ओली पालेभाजी किंवा वडापाव तिच्यात नको, छपाईची शाई अन्नाला लागता कामा नये.

वाडग्याला बुरशी आली ती लगद्यामुळे. लगद्याचा एक सेंटीमीटरचा थर वरून कोरडा वाटतो, आत आठवडाभर ओला असतो. मुंबईत लगदा डिसेंबर ते फेब्रुवारीतच करावा. एरवी पट्ट्यांची पद्धत घ्या. स्टीलची मोठी वाटी पालथी घाला, तिला खोबरेल तेलाचा हात लावा आणि पहिला थर खळ न लावता नुसत्या पाण्यात भिजवलेल्या पट्ट्यांचा द्या, म्हणजे वाटी सहज सुटते. त्यावर खळीतल्या पट्ट्यांचे सहा थर. पट्ट्या दोन सेंटीमीटर रुंद आणि हाताने फाडलेल्या. कात्रीने कापलेल्या कडेची रेघ शेवटपर्यंत दिसत राहते, फाटलेली कड मिसळून जाते. एक थर वर्तमानपत्राचा, एक जुन्या वहीच्या पांढऱ्या कागदाचा, असे आलटून पालटून लावा. मुलांना कुठे थर राहिला ते लगेच दिसतं. दिवसाला दोनच थर, मग रात्रभर पंख्याखाली. तळ गालाला लावून बघा: गार लागला तर आत ओल आहे. ही कसोटी पाच वर्षांच्या मुलीलाही जमते. पूर्ण वाळल्यावर आतून-बाहेरून रंग आणि वर वॉर्निश द्या. खळ झुरळांना आणि कसरीला आवडते, उघडी ठेवलेली वस्तू दिवाळीपर्यंत कुरतडलेली सापडेल. वॉर्निश मोठ्या माणसाने गॅलरीत लावावं. वाडगं किल्ल्या आणि चिल्लरीसाठी, खाण्यासाठी नाही.

गणपतीच्या सजावटीचाही विचार असेल तर थर्माकोल सोडून द्या, महाराष्ट्रात त्याच्या सजावटीवर २०१८ पासून बंदी आहे. दोन्ही बाजूंनी कागद लावलेला खोक्याचा पुठ्ठा आणि वर साडी, यातून मखर चांगलं उभं राहतं.

ऑक्टोबरात: २४ कामट्यांचा आकाशकंदील

वर्षभरातलं सगळ्यात समाधान देणारं काम हेच आहे, म्हणून यासाठी दोन रविवार राखून ठेवा. माहीमच्या कंदील गल्लीत तयार कंदील रांगेने टांगलेले असतात, ते एकदा मुलांना घेऊन जवळून बघून या. सांधे कसे बांधलेत आणि कागद कुठे दुमडलाय हे पाहिलं की अर्धं काम समजतं.

बुरुडाकडून अर्धा सेंटीमीटर रुंदीच्या बांबूच्या कामट्या घ्या. नाही मिळाल्या तर नवा खराटा घेऊन सोडवा. त्याची हीर चालते, पण ती टोकाकडे निमुळती असते. म्हणून दोन काड्या उलटसुलट जोडीने घ्या आणि कंदील जरा लहान, १५ सेंटीमीटर बाजूचा करा. कामटीचा कंदील २० सेंटीमीटर बाजूचा. कामटीच्या कुसळी बोटात जातात, त्यामुळे मुलांच्या हाती देण्याआधी कडा पॉलिश पेपरने घासा.

२१ सेंटीमीटरचे २४ तुकडे कापा. प्रत्येक टोकापासून अर्ध्या सेंटीमीटरवर बारीक खाच पाडा, म्हणजे दोरा घसरत नाही आणि खाच ते खाच बरोबर २० सेंटीमीटर राहतं. चार-चार तुकडे बांधून सहा चौकोन करा. प्रत्येक चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही २८.३ सेंटीमीटरच्या आसपास आले पाहिजेत. इथे अर्ध्या सेंटीमीटरचा फरक सोडलात तर शेवटचे सांधे जुळत नाहीत.

चार चौकोनांवर पतंगी कागद आत्ताच, लादीवर सपाट असताना लावा. कागद २२ बाय २२, म्हणजे चारी बाजूंना एक-एक सेंटीमीटर दुमडायला. खळ पातळ करून कामटीला लावायची, कागदाला नाही. ओला पतंगी कागद उचलतानाच फाटतो. चारही कोपऱ्यांत कागद थोडा तिरका कापून सांधा मोकळा ठेवा, कारण तिथे अजून दोरा बांधायचा आहे.

वाळल्यावर जोडणी. कागद न लावलेला एक चौकोन खाली सपाट ठेवा. त्याच्या प्रत्येक कोपऱ्याला कागदी चौकोनाचं एक टोक बांधा, चारही चौकोन टोकावर उभे राहतील. आता शेजारच्या चौकोनांचे बाजूचे कोपरे एकमेकांना बांधा. वर चार टोकं उरतात, त्यांना शेवटच्या मोकळ्या चौकोनाचे चार कोपरे बांधा. चार, चार आणि चार, एकूण बारा सांधे. मधल्या आठ जागा आपोआप त्रिकोणी होतात, त्यांच्यासाठी वेगळी कामटी लागत नाही.

या टप्प्यावर सांगाडा डुगडुगतो आणि बरेच जण घाबरून सांध्यांवर सांधे बांधत सुटतात. दोष सांध्यांचा नसतो. तीन कामट्यांचा त्रिकोण आपला आकार धरून ठेवतो, चार कामट्यांचा चौकोन मात्र तिरका होतो. कागद लावलेले चौकोन कागदाने धरलेले आहेत, वरचा आणि खालचा उघडा आहे. वरच्या चौकोनात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक कामटी तिरकी बांधा, खालच्यात दोन्ही कर्णांवर ताणून दोरा बांधा. डुगडुग थांबते. वरची तिरकी कामटी पुढे बल्बचा होल्डर धरायलाही उपयोगी पडते.

मग दुसऱ्या रंगाच्या कागदाने आठ त्रिकोण. दुमडायची जागा धरून त्रिकोणाची बाजू साडेतेवीस सेंटीमीटर कापा, साधी बावीस घेतली तर कडेला कागद कमी पडतो. पतंगी कागदाचा ताव ५० बाय ७५ धरला तर चौकोन एका तावात आणि त्रिकोण दुसऱ्या तावात, उलटसुलट मांडून, बसतात. तिसरा ताव झिरमिळ्यांना. पांढऱ्या कागदाला सुरकुत्या राहिल्या तर त्यावर पाण्याचा अगदी हलका फवारा मारा, वाळताना तो ताणून बसतो. रंगीत कागदावर हे करण्याआधी तुकड्यावर बघा, बहुतेक पतंगी कागदांचा रंग ओलीने उतरतो.

आत पाच वॉटचा एलईडी बल्ब, मधोमध टांगलेला. या मापात तो कागदापासून दहा सेंटीमीटर दूर राहतो. पणती किंवा मेणबत्ती आत ठेवू नका. वरचा आणि खालचा चौकोन उघडाच राहू दे, उष्णता तिथून निघते. होल्डर, वायर आणि प्लग एकसंध तयार मिळतात ते घ्या. गॅलरीत टेपने जोडलेली वायर नको, ऑक्टोबरात संध्याकाळी विजांसह सर येतेच. कंदिलाचं वजन सुतळीवर असावं, वायरवर नाही. सुतळी वरच्या चारही कोपऱ्यांना बांधून मध्ये एकत्र घ्या, एकाच कोपऱ्याला बांधली तर कंदील कलतो.

झिरमिळ्या दोन सेंटीमीटर रुंद आणि ५० लांब, खालच्या चार कोपऱ्यांना आणि मधल्या चार कोपऱ्यांना. हे काम पूर्ण मुलीकडे द्या. कागद चार पदरी दुमडून कापला की सगळ्या एका मापाच्या येतात.

दिवाळी झाल्यावर कागद भिजवून सोलून काढा, वरची तिरकी कामटी आणि खालचा दोरा सोडा आणि सांगाडा दोन्ही हातांत धरून वरचा चौकोन हळूच पिळत खाली दाबा. त्रिकोण तसेच राहतात, चौकोन मिटतात आणि सगळा आकार आवळून माळ्यावर मावेल एवढा होतो. सांध्यांना फेव्हिकॉल लावला असेल तर तो मिटत नाही, म्हणून सांधे फक्त दोऱ्याचेच ठेवा. कामट्या एक दिवस उन्हात घालून वर्तमानपत्रात गुंडाळा, नाहीतर पुढच्या वर्षी भुंग्याने पोखरलेल्या निघतात.